पाणी पिणारा नळ

नंदाचे डोळे वर गेले तेव्हा गयाबाई माझ्या अंगणातल्या खड्ड्यात उभी होती. कमरेइतका खोल खड्डा, त्यात उपसून उरलेलं घोट्याएवढं घाण पाणी. तिनं लुगडं वर खोचलं होतं आणि दोन्ही हातांनी पाना धरून माझ्या नळाची टोपी पिळत होती. मी उंबऱ्यावर नंदाला मांडीवर घेऊन बसले होते. पोरगी तीन वर्षांची. पहाटेपासून हगून-ओकून तिचं चिपाड झालं होतं. आधी रडत तरी होती, आता तेही थांबलं. ऊन असं पडलं होतं की समोरचं मोहाचं झाड पाण्यात बुडाल्यासारखं हलत होतं, आणि सगळी गल्ली मुकी.

"गयाबाई!" मी ओरडले. "माही पोट्टी मरून राह्यली, अन् तू नळ काय पिळून राह्यली वं?"

तिनं वर पाहिलं नाही.

"चमचा थांबवू नोको," ती म्हणाली. "एक चमचा दे, वीस मोज. मंग दुसरा दे. नळ मी पाहतो."

तोवर मी तिला कधी 'तू' म्हटलं नव्हतं. ती माझ्या आईच्या वयाची. त्या दिवशी म्हटलं. तिला ते ऐकू तरी आलं की नाही, कोण जाणे. नळाची टोपी करकरली आणि सुटली.

मी चौथी शिकलेली बाई आहे. लिहिण्याची सवय नाही. पण हे लिहायचं राहिलं होतं.

तेव्हा आम्ही धानोऱ्याला राहत होतो, गावाच्या टोकाला, बौद्धांच्या वस्तीत. पुढं जंगलच. साल मला आठवत नाही, ऐंशीच्या पुढचं होतं, आणि गल्लीत नळ येऊन दोन उन्हाळे झाले होते. माझा मालक उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या फळीवर, पानं गोळा होतात तिथं, कामाला जायचा, पानांचे पुडके मोजायला, तो आठ-आठ दिवस घरी येत नसे. आधी आम्ही विहिरीचं पाणी आणत होतो. नळ आले तेव्हा बायकांनी त्यांना हळदकुंकवाची बोटं लावावीत तसं ओल्या हातानं उगाच कुरवाळलं होतं. मीही कुरवाळला होता. दुसऱ्या वर्षी अर्ध्या गल्लीचे नळ गळायला लागले आणि मग कोणी कुरवाळेना. चिंधी बांधायची, चिखलाचा लपका मारायचा, आणि नळवाल्याच्या नावानं बोटं मोडायची. नळवाला कुलूप उघडून पाणी सोडणारा माणूस, त्याला दुरुस्ती येत नव्हती आणि त्यानं कधी येते म्हटलंही नव्हतं.

त्यात गयाबाई आली.

ती माजरीहून आली, कोळशाच्या खाणीकडून. नवरा तिथं जमिनीखाली पंपावर होता. तापानं वारला. मूलबाळ नाही. आमच्या गल्लीतलं पहिलं घर तिच्या भावाचं, ते रिकामं होतं, तिथं ती राहायला आली. एक पत्र्याची पेटी घेऊन आली. पेटीत दोन लुगडी, एक भला मोठा पाना, आणि काळ्या रबराचे दोन गुडघ्यापर्यंतचे बूट. खाणीतल्या माणसांना मिळतात ते. डाव्या बुटाला वर गोल गोल भोकं पडलेली, कोणी नाणी कापून घ्यावीत तशी. उजवा अख्खा.

बायका विचारत, "गयाबाई, हा एकच काऊन कापला?"

"एक पुरते," ती म्हणे.

वॉशर ती त्या डाव्या बुटातून कापायची. जुना वॉशर बुटावर ठेवायचा, खिळ्यानं रेघ मारायची, मग वस्तऱ्याच्या पात्यानं गोल फिरवायचं आणि मधे खिळा तापवून भोक पाडायचं. इतकंच. पण ती स्वतः कोणाचा नळ कधी नीट करत नसे. ही तिची मोठी तऱ्हा. बोलावलं की यायची, पाना आणि रबराचा तुकडा द्यायची, समोर उकिडवी बसायची आणि दोन्ही हात पाठीमागं धरायची. एका हातानं दुसऱ्याचं मनगट पकडून. जसं काही ते हात सुटले तर आपणच काम करून टाकतील. गालात भाजलेला चिंचोका. आणि म्हणायची:

"मी दाखवतो. हात तुहे."

दाखवायची म्हणजे तोंडानंच. "टोपी पिळ. उलट्या अंगानं. आता दांडी वर काढ. तिच्या बुडाशी काय आहे? गोल टिकली. तिच्यावरचं रबर पाह्य कसं झालं, उंदरानं खाल्ल्यावानी. तेच काढ. नवं बसव. झालं. देवाचं काही नाई त्याच्यात."

पार्वती माझ्या शेजारची. तिला पानाच धरता येईना, दोनदा पायावर पडला. ती म्हणाली, "गयाबाई, तुमीच करून द्या ना वं, दोन मिंटाचं काम तं आहे."

"दोन मिंटाचं आहे मनूनच तू कर. मी काय तुह्या संग जलमभर राहीन?"

पार्वतीनं केलं. अर्धा दिवस लागला. पण त्या दिवसानंतर तिच्या नळातून एक थेंब गळला नाही. सकाळी आंघोळ करून झाली की ती नळाची मान घट्ट बंद करायची आणि खाली हात धरून पाहायची. हात कोरडा. मग आमच्याकडं पाहून हसायची. मला त्या हसण्याचा राग यायचा. हे लिहिते आहे, कारण खरं आहे.

सदाशिवभाऊंची गोष्ट गल्लीला पुष्कळ दिवस पुरली. भाऊ वस्तीतले जाणते. विहारात पुढं बसायचे, सगळ्यांच्या भांडणात बोलायचे. त्यांचा नळ गळू लागला तेव्हा ते गयाबाईला म्हणाले, "बाई, पाना इकडं द्या. हे बायामाणसाचं काम नाई. मले समजते."

"समजते तं घ्या भाऊ," म्हणून तिनं पाना दिला आणि हात पाठीमागं बांधून बसली.

भाऊंनी टोपी उलट्या अंगानं पिळायची ती सुलट्या अंगानं पिळली, मग चिडून उलटी पिळली, आणि ती सुटली तेव्हा पाणी चालू होतं. वेळ पाहायची राहिली होती. नळाची दांडी उडून त्यांच्या टोपीला लागली आणि पाण्याचा खांब उभा राहिला. भाऊ धोतर, बंडी, टोपीसकट न्हाले. आम्ही सगळ्या बाया पदर तोंडात घालून उभ्या. गयाबाई हलली नाही. चिंचोका एका गालातून दुसऱ्या गालात नेला आणि म्हणाली:

"आंघोळ झाली भाऊ? आता बसा कोरड्या जागी. पाणी गेलं की कामाले लागू."

भाऊ त्यानंतर तिला 'बाई' न म्हणता 'मास्तरीण' म्हणू लागले. आधी टोमणा म्हणून, नंतर सवयीनं.

तिची दुसरी तऱ्हा सांगते. पहाटे पाणी यायच्या आधी ती गल्लीच्या तोंडाशी, जिथं पाइप जमिनीतून वर आला होता तिथं जमिनीवर आडवी व्हायची आणि पाइपाला कान लावायची. तान्ह्या पोराच्या पोटाला लावतात तसा. टाकी दूर, गावाच्या दुसऱ्या अंगाला. अंधार नुकताच विरत असायचा, झाडं नुसती काळी, धूर जमिनीलगत सरपटत असायचा, आणि त्यात ही बाई डोळे मिटून निजल्यासारखी पडलेली. आम्ही घागरी घेऊन तिच्याभोवती उभ्या राहायचो. कोणी बोलत नसे. कशासाठी गप्प राहायचो, आता सांगता येत नाही. मग ती डोळे न उघडता म्हणायची:

"निंगालं."

आणि आपण शंभर मोजेपर्यंत पहिल्या घरच्या नळातून सुस्कारा येई, मग फसफस, मग पाणी.

एकदा मी विचारलं, "काय ऐकू येते तुमाले?"

ती म्हणाली, "माहा नवरा सांगे, खाणीच्या बुडाशी जे पाणी लागते, त्यानं कधी ऊन पाह्यलं नसते. पंप लावला की ते पह्यल्यांदाच वर येते. येताना ते भेते. आवाजावरून समजते. तो घरी येऊन मले थो आवाज काढून दाखवे."

"अन् आपलं पाणी?"

"आपलं नाई भेत. टाकीतलं आहे. उन्हातच असते."

मी स्वप्नं पाहणारी बाई नाही. पण अजूनही दुपारी डोळा लागला की मला जमिनीखालून चाललेलं पाणी दिसतं. काळं, मुकाट, कोणाच्या तरी मागोमाग निघाल्यासारखं. जाग आली की मी उठून नळ पाहून येते.

आता माझ्या खड्ड्याचं.

आमच्या घराकडं जमीन चढत होती. पाणी पोचेपर्यंत त्याचा जीव जायचा. पहिल्या घरी मनगटाएवढी धार, माझ्याकडं करंगळीएवढी. माझ्या मालकाला कोणीतरी सांगितलं की नळ खाली घेतला तर धार वाढते. खरं आहे ते, वाढते. आम्ही नळाखाली खड्डा खणला, दगडाच्या तीन पायऱ्या लावल्या, उभा पाइप काढून टाकला आणि नळ थेट खालच्या तोंडाला बसवला. काढलेल्या पाइपाची मी कपडे वाळवायची दांडी केली. दुसऱ्या दिवशी माझ्या नळाला गल्लीत सर्वांत आधी पाणी आलं आणि सर्वांत शेवटी गेलं. शेजारच्या बाया घागरी घेऊन माझ्याकडं येऊ लागल्या. मी पायरीवर बसून त्यांचे नंबर लावायची. तू आधी, तू मागून. चौथी शिकलेल्या बाईला असा मान रोज मिळत नाही. मला तो गोड लागला.

नळ गळत होता. मी दांडीला चिंधी बांधली होती. खड्ड्याच्या बुडाशी कायम पाणी साचलेलं, नळाचं तोंड त्याला टेकलेलं. कोंबड्या तिथं प्यायच्या. भांडी मी तिथंच घासायची. नंदाचे घाण झालेले कपडेही तिथंच खळबळायची, कारण पाणी हाताशी होतं.

गयाबाई पहिल्यांदा आली तेव्हा पायरीवर उभी राहिली आणि नुसतं ऐकत राहिली. सकाळचं पाणी नुकतंच गेलं होतं. पाणी गेलं की गल्लीतले सगळे नळ सुस्कारतात, वारा आत घेतात, सूंऽऽ असा बारीक आवाज येतो. माझा नळ सुस्कारला नाही. तो डुबुक, डुबुक करत राहिला. म्हातारा माणूस ताटलीतून पेज पितो तसा.

"इमले," ती म्हणाली. मला विमल कोणी म्हणत नसे. "सगळ्याचे नळ पाणी देते. तुहा नळ पाणी पेते."

"पिऊ द्या ना. त्याले तहान लागली असन."

"हे खड्ड्यातलं पेऊन राह्यला. उद्या हेच पाइपातून सगळ्याच्या घरी जाईन. खड्डा बुजव. पाइप वर घे. नळाले वायसर घाल. मी दाखवतो, हात तुहे."

"अन् मंग धार कुठून आणू? तुमच्या घरी मनगटाएवढी येते, मनून तुमाले सांगायले काय जाते!"

ती पायरीवरून उठून गेली. पण येत राहिली. आठवड्यातून एकदा यायची, पायरीवर बसायची, हात पाठीमागं धरायची आणि म्हणायची, "पाह्य बरं, पेऊन राह्यला." मी भांडी आपटायची. एकदा मी सरळ म्हटलं, "गयाबाई, तुमाले ना पोर ना बाळ, मनून लोकायच्या नळाचा नाद लागला." असं म्हटलं मी. तिनं चिंचोका थुंकला, उठली, लुगडं झटकलं. म्हणाली, "असन." आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा आली.

मग मे महिना आला. पाणी कमी झालं, कधी एकच वेळ येई. गल्ली रिकामी, अर्धं गाव तेंदूच्या पानांसाठी जंगलात. वारा सुटला की मोहाच्या वाळक्या पानांचा आवाज व्हायचा आणि वाटायचं पाणी आलं. बाया घागर घेऊन बाहेर येत आणि नळाकडं पाहून परत जात.

आधी पार्वतीचा मुलगा आजारी पडला. पाच महिन्यांचा. उन्हाळा म्हणून ती त्याला वाटीनं पाणी पाजायची, नळाचंच. त्याला हगवण लागली, दुसऱ्या दिवशी त्याची टाळू खोल गेली. गल्लीत एकच बैलगाडी होती, ती जुंपून पार्वती पहाटेच त्याला घेऊन दवाखान्यात गेली. आदल्याच रात्रीपासून सदाशिवभाऊ पडले होते. आणि गाडी गल्लीतून बाहेर पडत होती तेव्हा माझ्या नंदानं पहिली उलटी केली.

गयाबाई आली आणि तिनं आधी माझी चूल पेटवली. विहिरीचं पाणी खळखळ उकळलं, गार केलं, त्यात साखर घातली, मीठ घातलं, स्वतः चाखून पाहिलं. "आसवावानी लागलं पाह्यजे, त्याच्यापेक्षा खारट नाई." चमचा माझ्या हातात दिला. वीसपर्यंत मोजायचं आणि पाजायचं. ओकली तरी पाजायचं. मग ती अंगणात गेली, पाण्याची वेळ विचारली. मी म्हटलं, चारला येते. तिनं सूर्याकडं पाहिलं, आणि माझ्या कपडे वाळवायच्या दांडीवरचे कपडे एका हातानं ओढून जमिनीवर टाकले. दांडी उचलली. तो पाइपच होता.

"हे काय करता?" मी म्हटलं.

"चारच्या आत हे बंद झालं पाह्यजे," ती म्हणाली. "नाई तं पाणी येईन, जाईन, अन् तुहा नळ पुन्हा पेईन."

त्या वेळी मला समजलं. नाही, समजलं होतं आधीच. त्या वेळी ते माझ्या मांडीवर येऊन पडलं.

ती घरी जाऊन पेटी घेऊन आली. डाव्या बुटात आता कापायला रबर उरलं नव्हतं, नुसत्या कडा. तिनं उजवा बाहेर काढला. मी नंदाला पाजता पाजता पाहत होते. मला वाटलं आता ही रडेल, किंवा क्षणभर तरी थांबेल. नवऱ्याचा बूट, इतकी वर्षं अख्खा ठेवलेला. ती थांबली नाही. पातं लावलं. आणि रबर कुस्करलं. शिळ्या भाकरीसारखं. दुसऱ्या जागी कापून पाहिलं, तिथंही तेच. बूट वरून काळा चकचकीत, आतून मेलेला.

ती त्याच्याकडं पाहत राहिली. मग म्हणाली, "वापरला असता तं टिकला असता." आणि तो बाजूला भिरकावला. तो माझ्या चुलीजवळ येऊन पडला.

"इमले, तुह्या वाहाणा कुठी आहेत?"

चामड्याच्या माझ्या वाहाणा दाराशी होत्या. तिनं एकीच्या टाचेतून गोल कापलं, खिळ्यानं भोक पाडलं आणि ते गोडेतेलात बुडवून ठेवलं. मग बादलीनं खड्डा उपसू लागली. किती बादल्या, मी मोजल्या नाहीत, मी वीसपर्यंतच मोजत होते. पुन्हा एकपासून. पुन्हा. थोड्या वेळानं आकडे ओघळायला लागले. बारानंतर सोळा येई. उन्हात सगळं थरथरत होतं, गयाबाईचं डोकं खड्ड्यातून वर यायचं आणि खाली जायचं, जसं कोणी डोहात पोहतं आहे. मला वाटलं ती फार दूर आहे. मला वाटलं आपण सगळ्याच त्या पाइपात आहोत आणि कोणीतरी पलीकडून कान लावून ऐकतं आहे.

तेव्हा नंदाचे डोळे वर गेले. तेव्हा मी ओरडले. ते मी वर लिहिलंच आहे.

मी चमचा थांबवला नाही. तिच्या दातांमधून पाणी ओघळत होतं, तरी पाजत राहिले. खड्ड्यात पान्याचा आवाज, दगडावर लोखंड. तिनं नळ काढला, चामडं बसवलं, उभा पाइप आट्यांवर सुतळी गुंडाळून फिरवत फिरवत खालच्या तोंडात घट्ट केला, आणि वर नळ बसवला. सगळं स्वतःच्या हातानं. गल्लीत तिनं स्वतःच्या हातानं नीट केलेला हा एकच नळ. तिच्याकडून न शिकलेली मी एकटीच होते ना.

मग ती फावडं घेऊन खड्ड्यात माती लोटू लागली. अर्धा खड्डा भरला असेल. मला मांडीवर गरम लागलं. खाली पाहिलं. नंदानं लघवी केली होती. सकाळपासून पहिल्यांदा.

"गयाबाई," मी म्हटलं, "इनं... मांडीवर..."

ती फावडं टाकून आली. हात मातीचे होते, म्हणून नंदाच्या पोटावर कोपर ठेवलं. वाकली. कान लावला तिच्या पोटाला. डोळे मिटले. 

"निंगालं," ती म्हणाली.

मग उठली आणि उरलेली माती लोटायला गेली. चारला पाणी आलं. माझ्या नळाला करंगळीएवढी धार. मी ती तशीच वाहू दिली, कोणाला घेऊ दिली नाही, आणि बंद केली. पाणी गेल्यावर गल्लीभर सूंऽऽ झालं. माझा नळ गप्प होता. संध्याकाळी दवाखान्यातली नर्सबाई आली, पुड्या दिल्या, विहिरीत औषध टाकलं, घरोघरी पाणी उकळून प्या म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी गयाबाई स्वतःच पडली. तीही तेच पाणी प्यायली होती. तीन दिवस मी तिला चमच्यानं पाजलं. वीस मोजून. ती डोळे मिटून म्हणायची, "लवकर मोजून राह्यली. हळू मोज."

लोक विचारायला आले, इमलनं खड्डा काऊन बुजवला? चांगली धार येत होती. मी जमिनीकडं पाहत होते. गयाबाई खाटेवरून म्हणाली:

"साप निंगाला व्हता त्याच्यात. मीच मनलं बुजव."

लोकांनी मान हलवली. साप म्हटल्यावर कोण काय विचारणार. त्या बाईच्या तोंडून मी ऐकलेलं खोटं एवढं एकच. ती मला त्याबद्दल एक शब्द बोलली नाही, ना त्या दिवशी, ना पुढं. पार्वतीसमोर आम्ही दोघी बसलेल्या असायचो, पार्वती आपल्या नळाखाली हात धरून पाहायची, आता हसत नसे, आणि गयाबाई चिंचोके चघळत दुसरीकडंच पाहायची.

वर्षभरानं माझ्या नळाचं चामडं झिजलं. मी तिला बोलवायला गेले. ती आली, पाना दिला, उकिडवी बसली. हात पाठीमागं. "हात तुहे," ती म्हणाली. मी टोपी पिळली, दांडी काढली, टिकली काढली. एवढं सोपं काम असतं ते. दोन मिनिटांचं. मी ते करत होते आणि मला घाम सुटला होता, आणि ती मला घाई करत नव्हती.

पुढं तिच्या भाच्यानं तिला गडचिरोलीला नेलं. जाताना पाना मला देऊन गेली. डाव्या बुटाच्या उरलेल्या कडा तिनं बरोबर नेल्या, उजवा तिथंच कुठंतरी पडून राहिला.

शेवटची मी तिला पाहिली ती गडचिरोलीच्या बसस्टँडवर. माझी गाडी सुटलेली, मी खिडकीशी. हिवाळ्याचे दिवस, सकाळचं धुकं जमिनीवर, माणसं त्यात अर्धीच दिसत होती. स्टँडच्या कोपऱ्यात चहाची टपरी चालवणारी एक तरुण बाई गळक्या नळाशी वाकून झटत होती. तिच्यासमोर एक म्हातारी उकिडवी बसलेली. डोक्यावरून पदर, तोंड हलतं आहे. आणि दोन्ही हात पाठीमागं, एकानं दुसऱ्याचं मनगट धरलेलं. मी हाक मारली. गाडीच्या आवाजात हाक पोचली नसेल, किंवा पोचली असेल आणि नळ उघडा असताना ती मान वळवणारी नव्हती. मग धुकं मधे आलं.

गयाबाई वारल्याचं मला पुष्कळ उशिरा समजलं. पार्वती गेल्या साली वारली. तिच्या हयातीत हे सांगायची माझी हिंमत झाली नाही. आता सांगते, म्हणजे त्यात काही मोठेपणा नाही. पार्वतीचा नळ थेंबभरही गळत नव्हता. गळत होता तो माझा.

त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत चौघं पडले. सदाशिवभाऊ वाचले. गयाबाई वाचली. पार्वतीचा मुलगा दवाखान्यातून आला तो कपड्यात गुंडाळून आला. माझी नंदा वाचली.